पहिली पटाशी घरी घडवायची असेल तर: कमानपाट्यापासून धारेपर्यंत सगळं

सुतारकाम शिकायला लागलं की दोन-चार महिन्यांत एक गोष्ट कळते, बाजारातली स्वस्त पटाशी बाभळीवर टिकत नाही. सागावर चालते, बाभूळ किंवा अंजन आला की धार वळते नाहीतर तुकडा उडतो, आणि आमच्या खान्देशात तर बांधावर बाभूळ अन् सातपुड्याकडे अंजन, म्हणजे कठीण लाकूडच जास्त. म्हणून मी स्वतःची हत्यारं बनवायला लागलो. गेल्या सहा वर्षांत पटाश्या, रंध्याची पाती, खुणा करायचे चाकू असं बरंच बनवलं. पहिल्या तीन पटाश्या वाया गेल्या, आणि तिन्ही पाणी देताना (म्हणजे पोलाद लाल तापवून झटकन थंड करून कडक करताना) किंवा त्यानंतर, आकार देताना एकही नाही. आकार कानशीने कोणीही काढतो, हत्यार बनतं किंवा बिघडतं ते आगीत. म्हणून हा लेख तिथे जास्त रेंगाळणार आहे, बाकीचं भराभर सांगतो.

१. सुरुवात पटाशीनेच करा

खूप जण पहिल्यांदा रंधा बनवायला घेतात. नका घेऊ. रंध्याचं पातं रुंद असतं, पाणी देताना वाकतं, मग ते सपाट करण्यात महिना जातो आणि माणूस नाद सोडून देतो. पहिलं हत्यार म्हणजे चार सुती पटाशी, म्हणजे अर्धा इंच रुंद (ज्यांना सुताचा हिशोब माहीत नाही त्यांच्यासाठी, आठ सूत म्हणजे एक इंच). एकूण लोखंड आठ इंच लांब, त्यात पाच-साडेपाच इंच पातं आणि बाकीची मुठीत जाणारी शेपटी. जाडी ५ ते ६ मिलिमीटर. एवढ्या आकाराचा तुकडा छोट्या भट्टीत सारखा तापतो, अन् तेच महत्त्वाचं आहे.

२. काय काय लागेल

- पोलादाचा तुकडा (पुढच्या पायरीत सांगतो कुठला)
- हॅकसॉ, एक मोठी खरड कानस, एक बारीक कानस
- अँगल ग्राइंडर किंवा बेंच ग्राइंडर, असला तर
- सांडशी, दीड-दोन किलोची हातोडी
- ऐरण किंवा ऐरणीसारखं काहीतरी
- लाकडी कोळसा चार-पाच किलो, हातभाता किंवा छोटा ब्लोअर
- लोहचुंबक, तारेला लटकवलेलं
- झाकणाचा पत्र्याचा डबा आणि त्यात तीन-चार लिटर तेल
- बादलीभर कोरडी रेती, बादलीभर पाणी
- वॉटर पेपर १२० पासून २००० पर्यंत, आणि जाड काचेचा तुकडा
- डोळ्याला चष्मा, पायात बंद बूट, अंगात सुती कपडे

शेवटच्या ओळीवर लक्ष द्या. टेरिकॉटच्या शर्टावर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. चप्पल घालून भट्टीजवळ उभं राहायचंच नाही. आणि बेंच ग्राइंडरवर काम करताना हातमोजे काढून ठेवा, मोजा चाकात अडकला की हात सोबत ओढला जातो.

ऐरणीबद्दल एक सांगायचंय. भुसावळ जंक्शन जवळ असल्यामुळे आमच्याकडे प्रत्येक जण सल्ला देतो, रुळाचा तुकडा आण. ऐरण म्हणून रूळ छानच, पण रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगणं १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे लिलावाचा पक्का कागद नसेल तर भंगारवाल्याकडून रुळाचा तुकडा घेऊ नका. जाड लोखंडी ठोकळा किंवा मोठ्या घणाचं डोकं लाकडाच्या ओंडक्यात उलटं बसवलं तरी पटाशीपुरतं भागतं.

३. पोलाद ओळखा

इथेच बहुतेक जण चुकतात. गेटाची पट्टी, सळई, अँगल हे सगळं एमएस, म्हणजे साधं मऊ लोखंड (माइल्ड स्टील), त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. ते कितीही लाल करून तेलात बुडवा, कडक होणारच नाही. हत्याराला कार्बन साधारण ०.५ टक्क्याच्या वर पाहिजे.

भंगारात मिळणारा चांगला माल असा:

ट्रक, टेम्पो, जीपचे कमानपाटे, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगच्या वाकलेल्या पट्ट्या. हा सगळ्यात सोपा माल, कार्बन साधारण ०.५ ते ०.६ च्या घरात, सोबत सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम असतं त्यामुळे तेलात नीट कडक होतो आणि चिवट राहतो, मालेटचे (लाकडी हातोड्याचे) ठोके खाणाऱ्या पटाशीला हाच चांगला. आपल्याकडे सुरत-नागपूर अन् मुंबई-आग्रा असे दोन्ही हायवे धुळ्यात भेटतात, गॅरेजांची कमी नाही, पाटे किलोच्या भावाने मिळतात. पण पाटा गाडीखाली वर्षानुवर्षं वाकलेला असतो, त्यात केसाएवढ्या चिरा असू शकतात. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग घेऊच नका. ट्रॅक्टर ट्रॉलीचा पाटा जाड असतो, घासता घासता दमाल, टेम्पोचा पातळ शोधा.

जुन्या कानशी. चांगल्या कंपनीच्या कानशीत कार्बन १ टक्क्याच्या वर असतो, धार फार बारीक येते. पण हल्ली काही स्वस्त कानशी वरून कडक अन् आतून मऊ निघतात. खात्री करायची तर कोपरा कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये धरून तोडा, काडकन तुटला तर आतपर्यंत कडक, वाकला तर सोडून द्या.

पॉवर हॅकसॉची जुनी रुंद पाती. ही हायस्पीड स्टीलची, वर्कशॉपवाले फेकतात. यांना आपल्या भट्टीत पाणी द्यायला जाऊ नका, ते आपल्या आवाक्यातलं काम नाही. फक्त ग्राइंडरवर घासून आकार द्या, कडकपणा मुळातच आहे. खुणा करायचा चाकू यातून एका तासात होतो.

ठिणगीची परीक्षा नक्की करा. अंधाऱ्या जागी ग्राइंडरला तुकडा लावा. एमएसच्या ठिणग्या लांब सरळ रेघा काढतात, टोकाला एखाद-दुसरा फाटा. कार्बनवाल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या चाकाजवळच फुटायला लागतात. हायस्पीडच्या ठिणग्या मंद लालसर अन् फुटत नाहीत. शेजारी एमएसची सळई आणि एक जुनी कानस ठेवून तिन्ही तुलना करा म्हणजे एकदाच डोळ्यात बसतं.

आणि चकचकीत पांढरट जस्त चढवलेलं काहीही, जीआय पाईप, जीआय पट्टी, भट्टीत घालायचं नाही. जस्ताचा धूर फुफ्फुसात गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, जास्त गेला तर जिवावर बेततं.

४. भट्टी

मोठं घमेलं घ्या, त्यात शेतातली चिकण माती आणि थोडी राख कालवून दोन-तीन इंचाचा थर द्या, मध्ये खळगा ठेवा, बाजूने लोखंडी पाईप खळग्याच्या तळाशी आणा आणि त्याला ब्लोअर जोडा. माती चार-पाच दिवस सावलीत सुकवा, मग हलक्या जाळावर एकदा तापवून घ्या. सिमेंट-काँक्रीटचा तळ करू नका, नदीतले गोटेही लावू नका, आतलं पाणी तापून दगड फुटतो आणि तुकडे तोंडावर येतात.

कोळसा बाभळीचा सगळ्यात चांगला, सुपारीएवढे तुकडे करून घ्या. ब्लोअरला रेग्युलेटर लावा. नवा माणूस वारा फार मारतो, मग लोखंडाचं टोक पांढरं होऊन तडतडायला लागतं, तेवढं पोलाद जळून गेलं समजा, ते कापूनच टाकावं लागतं.

५. मऊ करणं आणि सरळ करणं

पाटा जसा येतो तसा हॅकसॉने कापला जात नाही, पातं घसरतं. आधी तो भट्टीत चांगला लाल-केशरी करा आणि घरातल्या चुलीच्या कोरड्या राखेत पूर्ण गाडून ठेवा, सकाळी काढा. राख ओली नको. तो गार होताना घाईच नको, मधेच काढून बघितलं की परत कडक होतो.

पाट्याला बाक असतो, तो लाल असतानाच ऐरणीवर हलक्या ठोक्यांनी काढा. लाली गेली की ठोकणं बंद, काळ्या लोखंडावर ठोकलं की आत चिरा पडतात. अजून एक, लाली गेलेलं लोखंड थंड दिसतं पण चारशे डिग्री असू शकतं, उचलायच्या आधी हाताची मागची बाजू लांबून जवळ नेऊन बघायची सवय लावा.

६. आकार

मार्करने खूण, हॅकसॉने काप, कानशीने घास. शेपटी निमुळती करा, पण पातं जिथे शेपटीला मिळतं तो खांदा काटकोनात टोकदार ठेवू नका, तिथे गोल कानशीने हलकी गोलाई द्या. टोकदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. कानशीपासून पटाशी करत असाल तर दातांच्या रेघा पूर्ण घासून काढा, त्याच कारणासाठी.

पाठ आत्ताच जमेल तितकी सपाट करून घ्या, मऊ असताना जे दहा मिनिटांत होतं ते कडक झाल्यावर दोन तास खातं. तोंडाचा उतार २५ अंशाच्या आसपास काढा, पण धार काढू नका. टोकाला १ ते दीड मिलिमीटर जाडी राहू द्या, पातळ टोक आगीत जळतं आणि तेलात वाकतं.

७. पाणी देणं

आमच्या एरंडोल तालुक्यात एक म्हातारे लोहार बाबा आहेत, वखराच्या पासा अन् विळे करतात. मी तिसरी वाया गेलेली पटाशी घेऊन त्यांच्याकडे गेलो, त्यांनी ती हातात फिरवली, दगडावर आपटून टोक तोडलं आणि तुटलेली जागा माझ्यासमोर धरली. आत साखरेसारखे चमचमणारे दाणे होते. मग स्वतःचा तुटलेला विळा दाखवला, त्याची तुटलेली जागा करडी, मखमलीसारखी, दाणा दिसतच नव्हता. "जास्त तापाडं तू," म्हणाले. "काबरं घाई करस भाऊ, लोखंडले येळ दे." माझी सगळी चूक त्या दाण्यात होती. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापलं की आतला दाणा मोठा होतो आणि हत्यार काचेसारखं ठिसूळ होतं.

म्हणून असं करा.

वेळ संध्याकाळची निवडा, दिवेलागणीनंतर. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात लाल रंग दिसतच नाही, माणूस तापवतच राहतो. उघड्यावर असाल तर निदान भट्टीवर आडोसा करा.

आधी तीन वेळा नुसतं तापवून हवेत गार करा. लाल करा, चुंबक चिकटायचं थांबलं की बाहेर काढा, वारा नसलेल्या जागी लाली जाईपर्यंत धरा, परत भट्टीत. दुसऱ्या अन् तिसऱ्या वेळी थोडं थोडं कमी तापवा. याने ठोकताना आलेला ताण निघतो आणि दाणा बारीक होतो. ही पायरी मी आधी गाळायचो.

मग खरी वेळ. तेल ५० ते ६० डिग्री कोमट पाहिजे, गार तेल घट्ट असतं, नीट थंड करत नाही. एक लोखंडाचा तुकडा लाल करून तेलात बुडवला की कोमट होतं. तेल शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, कुठलंही खायचं चालतं. गाडीचं जळकं ऑइल बरेच जण वापरतात, पण त्याचा धूर वाईट असतो, नको. आणि पाटा असेल तर पाण्यात बुडवूच नका, पाण्यात फार झटकन थंड होतो आणि चीर पडते, "टिक" असा बारीक आवाज येतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही.

पटाशी भट्टीत घालून वारा कमी ठेवा. पुढचे दोन-अडीच इंच तापले पाहिजेत, सारखे, टोकाला जास्त अन् मागे कमी असं नको, म्हणून पातं आत-बाहेर सरकवत राहा. आधी काळपट लाल, मग डाळिंबाच्या दाण्याचा लाल. आता चुंबक लावत जा. पोलाद ७७० डिग्रीच्या आसपास चुंबकाला सोडतं. कानशीचं पोलाद असेल तर सोडल्यावर अगदी जराशी छटा उजळू द्या. कमानपाट्याला अजून थोडं लागतं, साधारण ८३०, म्हणजे छटा स्पष्ट उजळली पाहिजे. संत्र्याच्या सालीसारखं पिवळसर झालं तर फार पुढे गेलात, तेलात बुडवू नका, बाहेर गार होऊ द्या आणि परत पहिल्यापासून या.

रंग सारखा झाला की एक मिनिट तिथेच टिकवा, मग एका दमात धारेची बाजू खाली करून सरळ उभी तेलात. भट्टीपासून डब्यापर्यंत दोन सेकंदाच्या वर लागू नये, म्हणून डबा हाताशी ठेवा आणि दोन-तीनदा थंड पटाशी घेऊनच तालीम करा. आत गेल्यावर फक्त वर-खाली हलवा. डावी-उजवीकडे हलवली तर एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. तेलाला वरून जाळ लागू शकतो, घाबरू नका, पटाशी पूर्ण आत ठेवा, झाकण हाताशी असू द्या. तेल पेटलं तर झाकण किंवा रेती, पाणी कधीच टाकायचं नाही, पेटतं तेल चारही बाजूंना उडतं.

पंधरा-वीस सेकंदांनी काढा, पुसा, चांगली कानस कोपऱ्यावर फिरवा. काचेवर फिरल्यासारखी घसरली की कडक झालं. चावली तर आधी थोडं घासून परत बघा, वरचा पातळ थर आगीत कार्बन गमावून मऊ झालेला असतो. तरी चावली तर तापमान कमी पडलं, परत करा.

८. टेंपर, त्याच रात्री

माझी दुसरी पटाशी अशी गेली, पाणी छान बसलं, रात्र झाली म्हणून तशीच ओट्यावर ठेवली आणि सकाळी बघतो तर अर्ध्या पात्यात आडवी चीर. नुसतं पाणी दिलेलं पोलाद आतून ताणलेलं असतं, ते वाट बघत नाही. तासाभरात टेंपर करा, म्हणजे बेताचं तापवून तो ताण अन् ठिसूळपणा काढा.

सोपा रस्ता: घरातला ओटीजी. पटाशीचं तेल साबणाने पूर्ण धुवा, नाहीतर घरभर वास आणि घरच्यांची बोलणी. कमानपाट्याला २०० डिग्री, कानशीच्या पोलादाला २१०-२२०, एक तास, गार करून परत एक तास. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत ठेवायचं छोटं थर्मामीटर मिळतं ते वापरा.

ओव्हन नसेल तर जुना रस्ता. पातं वॉटर पेपरने पांढरं लख्ख करा, शेपटीची बाजू गॅसवर किंवा निखाऱ्यावर धरा, धार बाहेर. थोड्या वेळात मागून रंग पुढे सरकायला लागतात, हे बघायला फार सुंदर असतं. सगळ्यात पुढे फिकट पिवळा, मग दादर ज्वारीच्या कडब्यासारखा पिवळा, मागे गुळासारखा तपकिरी, मग जांभळा, मग मोरपंखी निळा. कडब्याचा पिवळा धारेपर्यंत पोचला की लगेच पाण्यात बुडवा. तो रंग साधारण २२०-२३० डिग्रीचा. धारेवर जांभळा आला म्हणजे २७० च्या वर गेलं, ती पटाशी सागाला चालेल, बाभळीला नाही. शेपटी निळी झालेली चालते, चांगलंच आहे, तिला चिवटपणा पाहिजे.

९. धार

काचेवर पाण्याने वॉटर पेपर चिकटवा आणि पाठ घासा, १२०, २२०, ४००, ८००, मग १००० अन् २०००. सगळी पाठ नको, पुढचा दीड इंच आरशासारखा झाला की पुरे. मग उतार २५ अंश, आणि अगदी टोकाला दोन-चार घासे ३० अंशावर. अंजन, बाभूळ यांच्यासाठी ३५ पर्यंत गेलात तरी हरकत नाही.

ग्राइंडर वापरत असाल तर प्रत्येक दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. टोक एकदा निळं झालं की तेवढ्या भागाचं सगळं पाणी उतरलं, तो भाग घासून काढण्याशिवाय इलाज नाही. मी शेवटचा एक मिलिमीटर कायम हाताने काढतो.

१०. मूठ

लाकूड धावडा, बाभूळ किंवा शिसव, पूर्ण वाळलेलं. हिवाळ्यात अर्धवट वाळलेल्या लाकडाची मूठ केली की मे महिन्यात ती आकसते आणि साम (मुठीच्या तोंडावरची धातूची कडी) गळून पडते, आमच्याकडचं ४४-४५ डिग्रीचं ऊन लाकडातलं सगळं पाणी काढतं. पितळी नळीचा तुकडा साम म्हणून बसवा. शेपटीसाठी आधी बारीक, मग वरच्या बाजूला थोडं जाड असं भोक पाडा. शेपटी तापवून भोकात बसवायची असेल तर पात्याला ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर उष्णता धारेपर्यंत जाते आणि आठव्या पायरीची मेहनत गेली.

पहिल्यांदा वापरल्यावर काय बघायचं

वाळलेल्या बाभळीवर वीस-पंचवीस ठोके मारा आणि धार उजेडात धरून बघा. धारेवर पांढरी चमकती रेघ दिसली तर ती वळली किंवा उडली आहे. नखाने हलकं चाचपा. वळली असेल तर आधी एक मिलिमीटर घासून परत धार लावा, बहुतेक वेळा तो वरचा मऊ थरच असतो, परत वळली तर पाणी परत द्यावं लागेल. तुकडे उडत असतील तर आधी उतार ३० वरून ३५ करा, तरी उडले तर पंधरा-वीस डिग्री वाढवून अजून एक तास टेंपर. एकदम तीस-चाळीस डिग्री वाढवू नका, टेंपर वाढवता येतं, कमी करता येत नाही.